सिद्दीक मिस्त्रींनी कापलेला पडदा

१

बाटलीचं बूच उडालं, छताला लागलं आणि सोजराबाईंच्या गोधडीवर पाण्याचा सडा पडला, तेव्हा मंगळवारी सकाळचे साडेआठ वाजले होते. वेळ मला पक्की आठवते, कारण नगरची एस.टी. नुकतीच घोडनदीच्या पुलाकडे गेली होती आणि तिच्यावर दवाखान्याचं घड्याळ लावायची मला सवय होती. एकसष्ट सालची गोष्ट. दसरा होऊन बारा दिवस झाले होते.

आमचा शिरूरचा धर्मादाय दवाखाना म्हणजे आठ खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर म्हणजे मी, पोपटराव, आणि झाडलोटीपासून चहापर्यंत सगळं पाहणाऱ्या भागुबाई. आमचा मानाचा दागिना म्हणजे ऑक्सिजनचं यंत्र. पुरुषभर उंचीचा काळा सिलिंडर, त्याच्या डोक्यावर पितळेचा रेग्युलेटर, तिथून नळी पाण्याच्या बाटलीत आणि बाटलीतून दुसरी नळी रोग्याच्या नाकाशी. सिलिंडरमधला वायू अतोनात जोराचा. त्याला आवरून धरायचं काम रेग्युलेटरचं. बाटलीत नुसते संथ बुडबुडे आले पाहिजेत.

त्या सकाळी बुडबुडे आले नाहीत, उकळीच फुटली. डॉक्टरांनी रेग्युलेटरचा स्क्रू पार मोकळा केला. एवढ्यानं वायू बंद व्हायला हवा, पण तो थांबेना. मग बूच उडालं. डॉक्टरांनी म्हातारीच्या नाकाची नळी ओढून काढली, सिलिंडरची मोठी चावी आवळली आणि पुढचे दोन तास ती चावी हातानं केसभर उघडत, मिटत, पुन्हा उघडत ते उभे राहिले. न्यूमोनियानं निळ्या पडलेल्या सोजराबाईंना त्यांनी असं घोटाघोटानं जगवलं. दुपारी म्हातारीनं डोळे उघडून "माझी गोधडी कुणी भिजवली?" म्हणून विचारलं, तेव्हा डॉक्टर खिडकीशी जाऊन बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

सोजराबाई म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष आनंदराव यांच्या चुलती. आनंदराव आले ते जीपमधून उतरतानाच बोलत आले.

"ह्या यंत्राला हात कुणी लावला व्हता?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. रेग्युलेटरच्या पोटात रबराचा एक गोल पडदा असतो. जुना पडदा आषाढात फाटला. नवा मागवावा, तर असलं सामान विकणारं पुण्यातलं दुकान पानशेतच्या पुरात मालासकट वाहून गेलेलं. शेवटी बाजारपेठेत स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करणाऱ्या सिद्दीक मिस्त्रींनी हातानं पडदा कापून बसवून दिला. श्रावणात त्याच पडद्यावर भागुबाईंची तीन वर्षांची नात वाचली होती.

मिस्त्रींना बोलावलं. साठीचा माणूस, बोटं काजळीनं कायमची काळी. त्यांनी यंत्राकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझा पडदा असा जायचा न्हाई, साहेब."

"सायकलची ट्यूब कापून बसीवली आन् वर तोंड करून बोलतोस?" आनंदराव गरजले. "माझी चुलती मेली असती! शनिवारी कमिटी हाय. फौजदाराला बोलीवतो. गावात तुझ्या हातात कुणी चिमटासुदिक देणार न्हाई."

आता माझी लाज सांगतो. मीही मध्ये तोंड घातलं. म्हणालो, "मिस्त्री, स्टोव्ह वेगळा आणि हे वेगळं."

सिद्दीक मिस्त्री आल्या पावली परत गेले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा एक स्टोव्ह परत आला नव्हता, आणि हे शिरूरमध्ये मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं, कारण आमच्या घरचे तिन्ही त्यांनीच जगवलेले. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, अकिलाभाभींनी, येऊन सांगितलं की मिस्त्रींनी दुकान बंद केलंय, हत्यारांच्या पेटीला खिळे ठोकलेत आणि शनिवारनंतर ते बार्शीला बहिणीकडं जाणार आहेत, कायमचे.

२

बुधवारी पहाटेच्या गाडीनं डॉक्टरांनी मला चिठ्ठी देऊन दौंडला धाडलं. चिठ्ठी सुभानमामांना होती.

सुभानमामा रेल्वेत ट्रेन एक्झामिनर होते. गाडी दौंडला थांबली की हातोडीनं चाकं ठोकत जायचं, डब्याखाली शिरायचं, ब्रेकची रबरं तपासायची, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. पेन्शन घेतल्यावर लोक त्यांच्याकडं हरवलेल्या गायीपासून फुटलेल्या सोयरिकीपर्यंत सगळं घेऊन यायचे. रेल्वेच्या डब्यासारखं माणसालाही ठोकून बघता येतं, असं ते म्हणत. डॉक्टर आणि ते बुद्धिबळातले जुने वैरी.

माझी हकीकत त्यांनी चहा ओतत ऐकून घेतली. मध्ये एकदाच विचारलं, "मिस्त्रीनं पडदा कवा बसीवला?"

"श्रावण लागताना."

"मंजी तीन म्हैनं चालला. वाईट रबर तीन म्हैनं कळ काढतं व्हय?" मग डोक्याला रुमाल बांधत म्हणाले, "चला पोपटराव. तुमच्या यंत्राला कुणी मारलं न्हाई, कुणीतरी खाऊ घातलंय असं मला वाटतंय."

वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत मी त्यांना त्याचा अर्थ विचारत होतो. ते खिडकीला डोकं टेकून छान झोपले होते.

३

यंत्राच्या खोलीत सुभानमामा आधी काही न करता नुसते उभे राहिले. भिंतीवर पाटी होती: "या यंत्रास तेल लावू नये." पाटी मीच लिहिलेली. अक्षराबद्दल तालुक्यात माझं नाव आहे, म्हणून मामा तिच्याकडं बघत राहिले तेव्हा मला बरं वाटलं. पण ते बघत होते पाटीच्या कोपऱ्यातला लाल ठिपका.

"शाईचा असेल," मी म्हणालो. "पुसायचं राहिलं."

मामांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि रेग्युलेटर काढून टेबलावर घेतला. त्याच्या पितळी टोपीला बाजूला एक बारीक भोक असतं. त्या भोकात त्यांनी आगकाडी फिरवली. टोकाला तांबूस काहीतरी आलं. मी म्हटलं गंज. मामांनी ते कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकलं आणि टोपी फिरवून उघडली.

"आता बघा, डॉक्टर. तुमी माणसाचं पोट फाडता, मी ह्याचं."

आत रबराचा पडदा होता, हाताच्या तळव्याएवढा. त्याच्यावर एक स्प्रिंग.

"वरनं स्प्रिंग पडद्याला खाली दाबती," मामा मला समजावू लागले. "पडदा खाली गेला की त्याची काडी खालचं दार उघडती, आन् सिलिंडरातला वायू आत येतो. वायू आला की तो पडद्याला वर ढकलतो. पडदा वर, की दार बंद. वायू कमी झाला, की स्प्रिंग पुन्हा जिंकली. दोघं पडद्याच्या दोन अंगांनी सारखं रेटत ऱ्हातात, आन् त्या भांडणातनं रोग्याला मापात वारा मिळतो. स्क्रू फिरवायचा मंजी स्प्रिंगला जोर किती द्यायचा तेवढं सांगायचं."

"आणि पडदा बिघडला तर?"

"हात लावा."

मी लावला. वरून पडदा फुगून बुळबुळीत, चिकट झाला होता आणि खाली पोट काढून बसला होता. वायूनं कितीही ढकललं तरी तो आता वर जाणार नव्हता. काडी दाबलेली ती दाबलेलीच आणि दार उघडं ते उघडंच.

मग मामांनी पडदा उलटा केला. खालची बाजू, म्हणजे वायूची बाजू, कोरडी होती. तिच्यावर शंखजिऱ्याची पांढरी पूड अजून जशीच्या तशी होती.

"मिस्त्रीनं पूड लावून बसीवलाय. हे सायकलचं रबर न्हाई, चांगली शीट हाय. आन् काप बघा, कंपासनं काढावा तसा." त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "असा कारागीर बार्शीला चाललाय व्हय?"

डॉक्टर वाकून पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला. "सुभान, हे तेल आहे."

"तेलच. रबराला तेल पाजलं की ते फुगतं, आमच्या ब्रेकखात्यात पयला धडा ह्योच. बाहीरनं, त्या भोकातनं आत गेलंय. वरच्या अंगाला ऱ्हायलं म्हणून बरं. पडदा फाटून ते वायूच्या वाटंला लागलं असतं, तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर ऑक्सिजननं पेट घेतला असता. ही खोली उरली नसती."

खोलीची किल्ली सबंध वर्षभर माझ्या कमरेला होती. दोघांनीही त्याच वेळी माझ्याकडं पाहिलं.

४

मामांनी मला सोडलं नाही, पण इतरांनाही नाही.

आधी मिस्त्रींच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून होते, मोकळ्या हातांचं काय करावं हे न कळल्यासारखे. मामांनी विचारलं, "बसीवताना तेलाचा हात लागला व्हता का?"

"डॉक्टरांनी आधीच सांगितलं व्हतं. मी डोस्क्याचं तेलसुदिक शिकेकाईनं धुऊन गेल्तो. अकिला हसली मला, म्हणली नवरदेव हाय का." मग आपले काळे हात उलटसुलट करून बघत म्हणाले, "मामा, फौजदाराचं भ्या न्हाई वाटत मला. पण माझ्या हातानं माणूस मरत व्हतं, हे जर खरं असंल, तर हे हात मला कुठं ठेवावं ते कळना झालंय."

मामांनी उरलेल्या शीटचा एक तुकडा मागून घेतला. नगरच्या लष्करी लिलावातून आणलेली शीट होती ती.

आनंदरावांनी आम्हाला जीपपाशीच उभं केलं. जीपच्या तोंडाला दसऱ्याची झेंडूची माळ वाळून गेलेली. दवाखान्याला नवं परदेशी यंत्र द्यायचं आणि आपल्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची, असं त्यांनी मनात धरलं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. जुनं यंत्र मोडलं तर ते त्यांना नको होतं असं नाही.

"दसऱ्याला तुमी दवाखान्यात गेल्ता?" मामांनी विचारलं.

"गेल्तो की. डॉक्टरला सोनं द्यायला. पाटीची जागाबी बघितली. मग? माझ्या चुलतीच्या जिवावर मी उठीन व्हय?" ते इतके दुखावले की जीपमध्ये बसून निघूनच गेले.

राहिल्या भागुबाई. त्या व्हरांडा पुसत होत्या. मामांनी त्यांना तेलाचं काही विचारलंच नाही. म्हणाले, "नात कशी हाय?"

भागुबाईंचा चेहरा उजळला. "नकुशी? आता दोन भाकरी खाती मेली! श्रावणात डांग्या खोकल्यानं डोळं पांढरं केलं व्हतं तिनं. डॉक्टर म्हणलं, लावा नळी. मी रातभर त्या बाटलीतलं बुडबुडं मोजत बसले. म्हणलं, हाय, अजून हाय." घरच्यांनी चौथी मुलगी म्हणून नाव नकुशी ठेवलं होतं, पण आजीला त्या पोरीइतकं हवंसं जगात काही नव्हतं.

निघताना मामांनी चार बशा मागवल्या. एकीत माझं दवाखान्याचं एरंडेल, दुसरीत मिस्त्रींच्या दुकानातलं मशीनचं तेल, तिसरीत आनंदरावांच्या जीपचं, चौथीत घराघरांत असतं ते करडईचं. प्रत्येकीत त्याच शीटचा एक तुकडा बुडवला, कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

"शनिवारपातूर कुणी उघडायचं न्हाई. आन् एक, पोपटराव. तुमी सगळे इचारताय त्या यंत्रावर राग कुणाचा हाय. मला त्याच्यावर माया कुणाची हाय ते पायजे."

५

शनिवारी दुपारी कमिटी बसली. आनंदराव खुर्चीत, डॉक्टर, मी, आणि दाराशी सिद्दीक मिस्त्री. मिस्त्री बसायला तयार नव्हते. फौजदारांना तीनची वेळ दिली होती. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

मामांनी बशा टेबलावर मांडल्या.

"एरंडेलातलं रबर बघा, हाय तसं. एरंडेल रबराला सहसा खात न्हाई. तवा पोपटराव सुटले." मी मोठा श्वास सोडला. "मिस्त्रीच्या न् जीपच्या तेलातलं रबर फुगून दुप्पट झालंय, काळं पडलंय. आपला पडदा तसा न्हाई. आन् हे करडईचं. बोट लावा, आनंदराव."

आनंदरावांनी चौथ्या बशीतल्या तुकड्याला बोट लावलं, मग पडद्याला. दोन्ही सारखेच फुगलेले, सारखेच चिकट.

"खायचं तेल," ते पुटपुटले. "यंत्रात खायचं तेल कशापायी वतंल कोण?"

मामांनी खिशातली पुडी उघडून त्यांच्यापुढं ठेवली. "भोकात हे घावलं. पोपटराव म्हणले गंज. पितळंला तांबडा गंज कवा चढला, पोपटराव? पितळ हिरवं पडतं. असलाच एक ठिपका भिंतीवरच्या पाटीला हाय. आता सांगा आनंदराव, खंडेनवमीला तुमच्या घरी काय करता?"

"काय करणार? नांगर, कुऱ्हाड, मोटंचं सामान, जीप, समदं धुतो. तेलाचा हात फिरवतो, हळद..."

ते थांबले. पुडीतल्या लाल कणांकडं पाहत त्यांनी शेवटचा शब्द अगदी हळू उच्चारला. "कुंकू."

दाराशी कपबशा वाजल्या. भागुबाई चहाचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि ताट कलत चाललं होतं. सिद्दीक मिस्त्रींनी पुढं होऊन ते हातातून घेतलं, नाहीतर पडलंच असतं.

"म्या लावलं," भागुबाई म्हणाल्या. "नवमीला सकाळी पोपटरावांनी झाडायला खोली उघडून दिली व्हती तवा. समद्यांच्या हत्याराला त्या दिशी तेल मिळतं, फुल मिळतं. ह्या मायनं माझी नकुशी मला दिली, आन् तिच्याकडं कोण बघंना. म्हणून घरनं वाटीत तेल आणलं, चांगलं निथळस्तवर लावलं, कुंकू वाहिलं. त्या पाटीलाबी लावलं. येवढं सुरेख काढलंय, देवाचंच काहीतरी असंल म्हणलं."

ती पाटी मी किती ऐटीत लिहिली होती! वेलबुट्टीचे काने, मात्रा. भागुबाईंना वाचता येत नाही हे मला अकरा वर्षं माहीत होतं. त्यांच्या पगाराच्या कागदावर अंगठा घेताना शाईची डबी मीच पुढं करतो. तोंडानं चार शब्द सांगायचं मात्र मला सुचलं नाही.

आनंदराव उठले. राग करावा की काय करावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर ठरत नव्हतं. "बाई, खोली उडाली असती तुमच्या पूजेनं," ते म्हणाले, पण आवाजात दम राहिला नव्हता.

"मला घालवा," भागुबाई म्हणाल्या. "पर ह्या माणसाला न्हाई." मग त्या मिस्त्रींकडं वळल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. "सिद्दीकभाऊ, तुमच्याच पडद्यानं पोर वाचली माझी. आन् म्याच तुमचं नाव बुडिवलं."

मी उठलो. "चुकलो, मिस्त्री," एवढंच म्हणालो. "पाटी माझी आणि बोलही मीच लावला."

आनंदरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. त्यांच्यासारख्या माणसाला माफी मागायची वाट ठाऊक नसते, पण त्या दिवशी त्यांनी ती चाचपडत शोधली. "मिस्त्री, नवं यंत्र येईल तवा येईल. तवर ह्याला पडदा तुमीच कापायचा. आन् फौजदार आले की मी सांगतो, चहाला बोलीवलं व्हतं म्हणून."

सिद्दीक मिस्त्रींनी ताट टेबलावर ठेवलं. टेबलावरचा आपला फुगलेला पडदा उचलला, उलटा केला, खालची पांढरी कोरडी बाजू अंगठ्यानं चाचपली. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिले. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि कंपाउंडरला न शोभणारी ती गोष्ट मी फौजदार यायच्या आत करूनही टाकली.

मिस्त्री दारापर्यंत गेले. पेटीचे खिळे काढायची घाई होती त्यांना. उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "भागुआक्का, रडू नगा. पुढच्या नवमीला ह्या यंत्राला लांबनं नुसतं फुल दाखवा. आन् वाटी घेऊन माझ्या दुकानात या, नकुशीलाबी आणा. माझ्या हत्यारांना तेल चालतं. हवं तेवढं लावा."